डाव्या दाराचा रंग

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला सगळे वैद्य म्हणत. औषधांशी त्याचा संबंध सर्दीखोकल्यापुरताच. पण गाडी बघायला गेला की तो आधी बंद बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं की हा आता नाडी बघून पथ्य सांगणार. खरं कारण अगदी साधं होतं. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे ऐनवेळी ते खोकत नाही. बॉनेट कोमट लागलं की वैद्य समजायचा, इथे पाणी मुरतंय.

धंदा दोघांचा, वैद्याचा आणि त्याच्या मेहुण्याचा. वैद्याने बघायचं, मेहुण्याने बोलायचं. ही वाटणी सासऱ्यांनी करून दिली होती आणि जाताना एक नियमही देऊन गेले होते. गाडी आवडली तर कौतुकाचा चकार शब्द काढायचा नाही, उलट एक खोड काढायची. खोडही अशी की विकणाऱ्याला ती तिथल्या तिथे खोटी पाडता येऊ नये. टायर झिजलाय म्हटलं तर तो टायर दाखवेल. गिअर अंमळ जड वाटतो म्हटलं तर काय दाखवणार, कपाळ? गाडी आवडली नाही तर मात्र तोंडभर स्तुती करायची, चहा प्यायचा आणि निघून यायचं. त्यामुळे वैद्याने जन्मात ज्या गाड्या वाखाणल्या त्यातली एकही घेतली नव्हती, आणि घेतल्या त्या झाडून सगळ्या नावं ठेवूनच घेतल्या होत्या. "याला खोटं बोलणं म्हणत नाहीत," सासरे सांगायचे, "याला धंदा म्हणतात." वैद्याला ते पटलेलं होतं. न पटायला कधी काही घडलंच नव्हतं.

मास्तरांच्या गाडीची जाहिरात मेहुण्याने पेपरात पाहिली. दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार. तसल्या गाड्या बनायच्या बंद होऊनही जमाना लोटला होता. वैद्य मिसरूड फुटायच्या वयात असताना असली एक गाडी त्याच्यासमोरून गेली होती, आणि ती गेल्यावर तो कितीतरी वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला होता. पुढे ढिगाने गाड्या हाताखालून गेल्या, पण ती काही आली नाही. मेहुण्याला हे ठाऊक होतं. म्हणून वाटेत तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "भावोजी, आज तोंड सांभाळा हं."

"माझ्या तोंडाची काळजी तू करू नकोस," वैद्य म्हणाला. आणि खरंच, त्याच्या तोंडाने त्या दिवशी चोख काम केलं.

घर बैठं होतं, शेजारी पत्र्याचं गॅरेज. गॅरेजच्या दारात मास्तर वेताच्या खुर्चीवर बसले होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेलेली. अंगात राखाडी स्वेटर, पँट त्याहून जरा गडद राखाडी, आणि मोजे बरोबर त्या दोन्हींच्या मधले. म्हातारा शौकीन दिसतो, वैद्याच्या मनात आलं. मास्तरांच्या पत्नी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना मेहुण्याने आल्या आल्या बाई म्हणायला सुरुवात केली.

"या," मास्तर म्हणाले. "हिला मी भंगारातून उचलून आणलं. तेव्हा हिच्या बुडातून गवत उगवलं होतं. पत्र्यापासून रंगापर्यंत सगळं मी एकट्याने केलंय. तुम्ही जाणकार आहात असं फोनवर कळलं. सावकाश बघा, आणि बघून झालं की मला सांगा."

शेवटचं वाक्य वैद्याने कानाआड केलं, कारण तेवढ्यात मेहुण्याने गाडीवरचं कापड ओढलं होतं. गाडी हिरवी होती. बाटलीच्या जाड बुडात दिसतो तो हिरवा, काळ्याला टेकलेला. वैद्याने चेहरा मख्ख केला आणि कामाला लागला.

बॉनेट गार होतं. म्हणजे माणूस सरळ आहे. खिशातलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून त्याने चाकांवरच्या कमानींवरून, दारांच्या तळाशी, दिव्यांभोवती फिरवलं. गंजकं भोक पुट्टीने लिंपून वर रंग फासलेला असला की चुंबक तिथे धरत नाही, घसरतं. इथे जिथे टेकवलं तिथे चिकटलं. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला होता आणि ठोकून ठोकून वळणावर आणला होता. मग तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला. जिथे कुणाची नजर जायचं कारण नाही तिथले सांधेसुद्धा मास्तरांनी कानशीने साफ करून रंगवले होते. वैद्य खाली गरजेपेक्षा जास्त वेळ पडून राहिला. तिथे त्याचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

दोन्ही दारं त्याने उघडमीट करून पाहिली. दोन्हींचा आवाज एकच, भरलेल्या कपाटाचं दार लोटावं तसा मऊ. किल्ली फिरवली तर इंजिन एकदा घसा खाकरून लागलं आणि मग नुसतं गुणगुणत राहिलं. त्याने सायलेन्सरमागे रुमाल धरला, तेलाचा ठिपका पडला नाही. गल्लीतून एक फेरी मारून परत आला तेव्हा त्याचे कान तापले होते. ही गाडी आपली व्हायलाच हवी, नाहीतर आपण इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांखाली कशाला लोळलो, असं त्याला झालं होतं.

"काय म्हणता?" मेहुण्याने विचारलं. हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता.

आता खोड काढायची. इंजिनाला नावं ठेवायला वैद्याची जीभ वळेना. पत्र्याच्या कामाला तर नाहीच नाही. तो डाव्या बाजूला उभा होता, समोर डावं दार होतं. रंगाचं एक बरं असतं, ज्याचं त्याच्या डोळ्यांवर. वाद घातला तरी निकाल लागत नाही.

"डाव्या दाराचा रंग फसलाय," वैद्य म्हणाला. "बाकीच्या गाडीपेक्षा काळपट गेलाय. डोळ्यांना खुपतो."

मास्तरांचा हात खुर्चीच्या वेतावरून फिरत होता तो थांबला.

"डाव्या?"

"हो."

"मला शंका होतीच," मास्तर म्हणाले. मग त्यांनी मान मागे वळवली, बाईंकडे, पण नजर बाईंच्या जरा पलीकडे गेली. "तू म्हणाली होतीस, जुळलाय."

"जुळलाय," बाई म्हणाल्या. "मला तर जुळलेलाच दिसतो."

"तुला दिसतो गं. हे त्यातले जाणकार आहेत."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मेहुण्याने मात्र वेळ दवडली नाही, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घेतली. मास्तरांनी घासाघीस केलीच नाही. दार फसलं म्हटल्यावर गाडीच्या बाजूने बोलायचा आपला हक्कच गेला असं त्यांना वाटत असावं. आत टेबलावर कागद पसरले गेले. बाईंनी मास्तरांची तर्जनी धरून सहीच्या जागेवर टेकवली, दुसऱ्या हातात पेन दिलं, आणि तेव्हा कुठे आमच्या या नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं," कुणी न विचारताच मास्तर म्हणाले. "डावं दार सगळ्यात शेवटी रंगवलं. तोवर धुकंच होतं. रंग आठवणीने कालवला. तेवढी एकच गोष्ट मला आजवर कळली नव्हती. शेजारी छान म्हणतात, पण ते कशालाही छान म्हणतात. ही जुळलाय म्हणते, पण ही पडली बायको. म्हटलं, गाडी विकायचीच आहे तर कुणीतरी जाणता माणूस येईल, त्याच्या तोंडून कळेल. बरं झालं, कळलं."

वैद्याने तोंड उघडलं. टेबलाखाली मेहुण्याचा बूट त्याच्या बुटावर येऊन बसला. एक सही अजून बाकी होती. आत्ता बोललो तर गाडी हातची जाईल, वैद्याने स्वतःला समजावलं. आणि खरं काय, उद्याही सांगता येईल. ते काही दूध नाही नासायला. त्याने तोंड मिटलं. समोर बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात राग नव्हता. आपल्या डोळ्यांना जे दिसतं ते या माणसाला कसं दिसत नाही, एवढंच कोडं त्यांना पडलेलं दिसत होतं.

उद्या वैद्य गेला नाही. परवाही गेला नाही. गाडी त्याने विकायला न काढता घरी ठेवली, आणि जाता येता त्या दाराकडे बघायची त्याला खोड लागली. कोवळ्या उन्हात बघितलं, भर दुपारी बघितलं, दिव्याखाली बघितलं, ओलं करून बघितलं, पुसून बघितलं. एखादी तरी छटा वेगळी निघू दे, अशी तो मनापासून इच्छा करत होता, म्हणजे मग आपण खोटं बोललोच नाही असं होईल. दार हट्टाने जुळलेलंच राहिलं. धुक्यात हात घालून त्या माणसाने बरोबर तोच हिरवा बाहेर काढला होता, आणि जगात हे त्याला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

"भावोजी, त्या दारावाचून कुणाचं काय अडलंय?" मेहुणा म्हणाला. "म्हातारा विसरलासुद्धा असेल."

"मी नाही ना विसरलो," वैद्य म्हणाला. शेवटी एका सकाळी तो गाडी घेऊन निघाला.

मास्तर तिथेच बसले होते, रिकाम्या गॅरेजच्या दारात. इंजिनाच्या आवाजाने त्यांचा चेहरा उजळला. अंगात लाल स्वेटर होता, पँट मातकट, एका पायात निळा मोजा आणि दुसऱ्यात तपकिरी. घाईत घातले असतील, वैद्याला वाटलं.

"क्लच हळू सोडता," मास्तर म्हणाले. "चांगल्या हातात पडली."

वैद्याने बसायचीही वाट बघितली नाही. "मास्तर, मी खोटं बोललो होतो. दाराचा रंग जुळलाय. तंतोतंत जुळलाय. भाव पाडायला आम्ही काहीतरी खोड काढतो, तशी काढली."

मास्तर हसले. "बसा तर खरे."

"हसण्यावारी नेऊ नका हो."

"नेत नाही. तुम्ही भले गृहस्थ आहात, एवढ्या लांब आलात. पण आता गाडी तुमची झाली. आपला तो बाब्या. माझ्या दारात उभी होती तोवर काळपट होती, तुमच्या दारात गेल्यावर उजळली. माणसाचं असंच असतं."

"शपथेवर सांगतो."

मास्तर जरा पुढे झुकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिने फोन केला होता का तुम्हाला?"

"नाही. कुणी नाही केला."

"नसेल केला," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा विश्वास बसला नव्हता हे वैद्याला स्वच्छ कळलं. घराच्या दारात बाई येऊन उभ्या होत्या, त्यांनाही कळलं.

एक शेवटचा उपाय वैद्याकडे होता, आणि तो त्याला जड जाणार होता. "मग असं करू. व्यवहार मोडू. गाडी तुम्ही परत घ्या. गाडी माझी नसली म्हणजे माझा काही स्वार्थ उरत नाही ना? मग तरी माझं ऐका."

मास्तरांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी गाडीच्या दिशेने तोंड फिरवलं.

"इतकं खुपतंय का हो ते दार?" त्यांनी विचारलं.

वैद्याच्या शब्दाला या घरात वजन होतं ते सही व्हायच्या आधी. तेव्हा त्याने एक शब्द बोलायचा होता आणि गाडी गमवायची होती. आता तो गळा फाडून ओरडला असता तरी ती गाडीच्या मालकाची बडबड होती. आपण फार मोठी चोरी केली आणि चोरीचा माल परत करायला जगात जागाच नाही, असं वाटून त्याला त्या गाडीचा, त्या हिरव्या रंगाचा आणि स्वतःच्या तोंडाचा वीट आला. मास्तरांनी गाडी परत घ्यायला नकार दिला. "उगाच मनाला लावून घेऊ नका," उलट तेच त्याची समजूत काढत होते.

बाई त्याला सोडायला फाटकापर्यंत आल्या.

"बाई, माझं चुकलं."

"हो," बाई म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सकाळी उठले की हे मला विचारायचे. आज स्वेटर कुठला, त्यावर मोजे कुठले, पडदे धुतलेस ते कसे दिसतायत. मी सांगायचे. तेवढंच बघणं राहिलं होतं त्यांचं. आता विचारत नाहीत. हाताला लागेल ते घालतात. मी सांगायला गेले तर म्हणतात, असू दे, तुला सगळंच जुळलेलं दिसतं."

वैद्य खाली मान घालून किल्ली चाचपत राहिला. ऊन थेट गाडीवर पडलं होतं. बाई पुढे झाल्या, डाव्या दारापाशी वाकल्या, आणि बॉनेटपासून दारापर्यंत, दारापासून मागच्या कमानीपर्यंत त्यांनी सावकाश नजर फिरवली. मग परत मागे आणली.

"खरं सांगा," त्यांनी हळूच विचारलं, मास्तरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. "जुळलाय ना हो?"

"जुळलाय," वैद्य म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि पुन्हा एकदा दाराकडे बघू लागल्या.