पड टाकलेलं रान

पालीच्या ग्रामपंचायतीत विकास आराखड्याचा नकाशा लावला होता. पुढच्या वीस वर्षांत पुण्याकडून किती माणसं इकडे राहायला येतील, त्यांची घरं कुठे, रस्ते कुठे, सगळं त्यात रंगवलेलं. शेती हिरवी, घरं पिवळी. आमचं उतारावरचं रान पिवळं होतं. त्या रानाखाली झरा आहे. वाडीतली अकरा घरं उन्हाळ्यात त्याच्यावरच असतात. वर इमारती झाल्या तर झरा आटणार, हे मला कुणी सांगायला नको.

चूक माझ्याच तोंडून झाली होती. दोन वर्षांपूर्वी पाहणीला आलेल्या माणसाने विचारलं, "आजी, ही जमीन पडीक का?" मी म्हटलं, "व्हय, पड टाकलीय." आमच्याकडे उतारावर तीन वर्षं नाचणी, वरई, कारळं घ्यायचं आणि मग पाच वर्षं रान मोकळं सोडायचं, त्याला पड टाकणं म्हणतात. सासऱ्यांच्या वेळी त्या मोकळ्या वर्षांत धनगर खतासाठी मेंढरं बसवायचे. बाळाबाई धनगरीण दुधाची चरवी घेऊन यायची आणि दुपारभर गप्पा मारत बसायची. आता मेंढरंही येत नाहीत. त्या माणसाने कागदावर 'पडीक' लिहिलं आणि तो निघून गेला.

मी हरकत घेतली. सुनावणी वेल्ह्याला होती. मुलगा गोरख मोटरसायकलवरून घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "आये, लोकं पिवळं व्हावं म्हणून हेलपाटं घालत्यात, आन् तू हिरवं करा म्हनतीस."

"मंग ऱ्हा की वर पाचव्या मजल्यावर. पानी आणाया खाली कुठं जाशील ते बग."

तो हसला.

अधिकारी सुलक्षणा मॅडम होत्या, गोरखच्या वयाच्या. सकाळपासून बोलून बोलून त्यांचा आवाज बसला होता. माझं सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "आजी, खरं असेल तुमचं. पण सातबाऱ्यावर तीन वर्षं पीक नाही. माणसं येणारच आहेत, त्यांना जागा द्यावी लागेल. मी रिकामीच जागा धरणार ना?"

"रिकामी न्हाई, मॅडम. निजलीया."

"निजलेल्या जमिनीचा रकाना नाही हो माझ्याकडे." त्यांनाही हसू आलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "या पावसाळ्यात पीक घ्या. पीकपाहणीत फोटो चढवा. मी हिरव्यासाठी लिहिते."

"अजून दोन वरसं हायती तिची."

"आराखडा दोन वर्षं थांबणार नाही, आजी."

आषाढात आम्ही रान मोडलं. नांगर धरताना गोरख माझ्याकडे बघत नव्हता. नाचणी लावली, ती गुडघ्याच्या वर गेलीच नाही. कणसं बोटाच्या पेराएवढीच आली. गोरखने मोबाईलवर फोटो काढला, तेव्हा नाचणी किती बुटकी आहे ते दिसू नये म्हणून मला बाजूला व्हायला सांगितलं.

दिवाळीनंतर पत्र आलं. सून मंगलने वाचून दाखवलं. नकाशात रान हिरवं झालं होतं. खाली एक ओळ होती, दर वर्षी पिकाची नोंद असावी.

"म्हंजी आता कवाच पड टाकायची न्हाई?" मंगलने विचारलं.

मी त्या बारक्या कणसांतली त्यातल्या त्यात भरलेली निवडली आणि पुढच्या वर्षाचं बी म्हणून बाजूला ठेवली.