दोन नकाशांमधली तेवीस घरं

"साहेब, या यादीत तेवीस घरं कमी आहेत," नोंदबाई म्हणाल्या.

शहरातून आलेल्या तरुण अधिकाऱ्यानं लॅपटॉपवरची नजर न हलवता विचारलं, "कुठली?"

"ओढ्याकाठची. उत्तरेची गावं तुमच्या शहरात गेली, दक्षिणेची शेजारच्या परिषदेत. ही वस्ती दोन्हीकडे नाही."

चौदा गावांच्या ग्रामीण परिषदेचा तो शेवटचा दिवस होता. एकसष्ट वर्षांचा कारभार आटोपून उद्यापासून ती बरखास्त होणार होती. त्यातली एकतीस वर्षं जन्म-मृत्यू, घरं, विहिरी आणि हद्दी यांची दप्तरं बाईंनीच सांभाळली होती. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकापुरतं उरलं होतं. चौदाही गावं त्यांना नोंदबाईच म्हणत.

"नंतर दुरुस्ती करू की, बाई."

"आणि तोवर तिथं कुणी जन्मलं, कुणी गेलं, तर दाखला कोण देणार? ओढा?"

साहेबांना हसू आलं आणि तिथंच ते फसले. पाच मिनिटांत ते बाईंच्या स्कूटरवर मागे बसले होते, लॅपटॉप पोटाशी धरून.

गोम अशी होती, की नवी हद्द ओढ्यावरून ठरवलेली, आणि बावीस वर्षांपूर्वीच्या पुरात ओढ्यानंच आपली वाट बदललेली. शहराच्या नकाशात ओढा जुन्या जागी होता, शेजाऱ्यांच्या नकाशात नव्या. मधली वस्ती दोघांनीही दुसऱ्याची समजून सोडून दिली होती.

वस्तीत शिरताच शिवणकाम करणाऱ्या म्हातारीनं मशीन थांबवलं. बघता बघता घोळका जमला. बाईंनी सगळा प्रकार सांगितला.

"म्हणजे उद्यापासून आम्ही कुणाचेच नाही?" म्हातारी म्हणाली. "बरं झालं की! कुणाचा हुकूम नाही, मतं मागायला येणाऱ्यांची कटकट नाही."

सगळे खदखदून हसले. तिची सून तेवढी हसली नाही. ती दाराला धरून उभी होती. दिवस भरत आले होते.

"माझ्या बाळाच्या कागदावर गाव कुठलं लिहाल?" तिनं थेट साहेबांनाच विचारलं.

साहेब ओट्यावर बसले. लॅपटॉप उघडून म्हणाले, "तुम्हीच सांगा, कुठं जायचंय? शहरात की शेजारी?"

"शहरात," म्हातारीनं सुनेच्या आधीच सांगून टाकलं. "शाळा, दवाखाना सगळं याच काठाला. पलीकडं जायचं तर पावसाळ्यात पोहत जावं लागेल, आणि या वयात मला पोहणं शिकवू नका."

"मग परिषदेचा ठराव लागेल. आजच्याच तारखेचा. पाचच्या आत सही-शिक्का."

सभापती न्हाव्याच्या खुर्चीत सापडले, अर्ध्या गालावर फेस.

"शेवटच्या दिवशी तरी सुखानं दाढी करू द्या!" ते ओरडले, पण बाईंनी हातानं लिहिलेला ठराव वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. "माझ्या हातून राहूनच गेली असती ही माणसं," असं म्हणत त्यांनी सही केली. फेसाचा एक ठिपका कागदावर पडला. बाईंनी तो करंगळीनं अलगद टिपला.

पाचला बारा मिनिटं कमी असताना ठरावावर शिक्का बसला. साहेबांनी तेवीस घरं यादीत चढवली आणि यादी पाठवून दिली.

"बाई, आता फाइलला परिषदेचा इतिहास जोडायचाय. स्थापना, विसर्जन, क्षेत्रफळ. तीन ओळी."

"एकसष्ट वर्षांना तीन ओळी?"

"रकानाच तेवढा आहे हो."

बाईंनी तीन ओळी लिहून दिल्या. मग टेबल आवरता आवरता त्या सांगत राहिल्या. पहिला दवाखाना गोठ्यात कसा सुरू झाला, पहिल्या निवडणुकीत दोघे विरोधक एकाच सायकलवरून प्रचाराला कसे फिरले, पुरात शिपायानं दप्तरं आपल्या लग्नाच्या पलंगावर कशी रचली आणि बायकोला आठवडाभर जमिनीवर कसं झोपावं लागलं. साहेब हसत होते आणि हसता हसता टाइप करत होते. रकाना कधीच भरला होता. त्यांनी वेगळं पान उघडलं होतं.

शेवटी शिक्का जमा करायचा राहिला. बाईंनी तो उचलला. अक्षरांच्या फटींत शाई साचली होती. रुमाल ओला करून त्यांनी एकेक अक्षर पुसलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा पुसलं.

"बाई, उद्या कापून रद्दच करायचाय तो," साहेब हळूच म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी शिक्का पुढे केला. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.