तिसरी हाक

चिखलोली धरणाजवळ मिनीबस उभी होती आणि बसमध्ये एक माणूस कमी होता. तो माणूस म्हणजे हिमानीचे सासरे.

बेत तसा झकास होता. बदलापूरच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमधल्या दहा जणांनी रविवारी धरणामागचा डोंगर चढायचा आणि उतरल्यावर कुळगावच्या मैदानात मासळी महोत्सवाला जाऊन आडवा हात मारायचा. तिथं हिमानीच्या सासूचा, मोतीबाईंचा, स्टॉल होता. वाट दाखवायला सासरे, हरिचंद्र. मोरिवलीचे आगरी, वय सत्तर, लहानपणी याच डोंगरावर गुरं राखलेली. त्यांना न्यायची कल्पना हिमानीचीच. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते असं मोजावं लागतं.

उतरताना ती सगळ्यांच्या मागे होती आणि तिच्या मागे फक्त ते. कारवीच्या रानात ते थांबले, ‘तू हो फुडं’ म्हणाले. ती झाली पुढं. कुठं निघालात, असं सासऱ्यांना सुनेनं विचारायचं कसं? लघवीला निघाले असतील तर? म्हणून ही बया लाजली आणि खाली मान घालून सरळ पायथ्यापर्यंत आली. चार पावलांवर पाठ करून उभी राहिली असती तरी काही बिघडलं नसतं.

आता सव्वापाच वाजले होते. तासाभरात अंधार पडणार. हरिचंद्रांचा फोन घरी चार्जिंगला. त्यात त्यांना मधुमेह. दुपारची गोळी घेतलेली आणि संध्याकाळच्या मासळीसाठी पोट राखायचं म्हणून दोन केळ्यांवर दिवस काढलेला. साखर उतरून माणूस बेशुद्ध पडला तर त्या रानात सकाळपर्यंत सापडणार नाही, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या हिमानीला कुणी सांगायला नको होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ग्रुपचा लीडर पुष्कर बसपाशी उभा राहून उंटावरून शेळ्या हाकत होता. ‘पॅनिक नको, पोलिसांना कळवू, सगळे इथंच थांबा.’ हिमानी थांबली नाही. तिच्याबरोबर लॅबमधला यज्ञेश तेवढा निघाला. वर फाट्यावर तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वळला आणि ती एकटी कारवीत शिरली.

“बाबा!”

ती कान देऊन ऐकायची, वीस पावलं पुढं जायची, पुन्हा हाक मारायची. कुठून काही नाही. घसा बसला, हात कारवीनं ओरबाडले, समोरच्या कड्यावरचं ऊन निघून गेलं. हरेशला, नवऱ्याला, काय तोंड दाखवायचं? अंबरनाथच्या कॉलनीतली वरणभाताची पोरगी हट्टानं आगऱ्याच्या घरात आली, त्याला दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात सासरे तिच्याशी मोजून चार वाक्यं बोलले असतील. म्हाताऱ्यानं आपल्याला घरात घेतलंय, मनात घेतलेलं नाही, हे ती धरूनच चालली होती. आणि आता त्याच माणसाला ती रानात सोडून आली होती.

फोनला रेंज आली तशी तिनं स्टॉलवर फोन लावला. मागे लाउडस्पीकरवर चिंबोऱ्या खाण्याच्या स्पर्धेची नावं पुकारत होते.

“आई, बाबा सापडत नाहीत.”

 मोतीबाई म्हणाल्या, “हाका मारल्यास?”

“पन्नास मारल्या असतील!”

“एका जागी उभं राहून किती?”

“एक. मग पुढं जाते.”

“अगो पोरी! रानान त्यो पैल्या हाकंला ओ देल का? दुसरीला पन नाय देनार. चकवा दोनदाच हाक मारतो. तिसरी आली तर समजायचं मानूस हाय. एका जागी तीन मार. हरेश हितंच हाय, त्याला धाडते.”

हिमानीचं डोकंच फिरलं. इथं माणूस मरायला टेकलाय आणि या रानात वाट चुकवणाऱ्या भुताच्या, चकव्याच्या गोष्टी सांगतायत! पण दुसरा उपायही सुचेना. ते थांबले होते त्या जागी ती परत गेली.

“बाबा!”

काही नाही.

“बाबा!”

खालच्या नाल्यातून एक पाखरू तेवढं उडालं. तिला वाटलं, आपण वेड्या आहोत. तिनं डोळे मिटले, होता नव्हता तेवढा श्वास भरला.

“बाबाऽऽ!”

“ओऽऽ” आलं. बारीक, पण आलं.

ते पुरुषभर खोल कोरड्या नाल्यात बसले होते. स्टॉलवर भाकऱ्यांखाली घालायला पळसाची पानं तोडायला गेले आणि पाय सरकला. घोटा टम्म सुजलेला, अंगाला घाम, हात थरथरत होते. हिमानीनं पिशवीतली चिक्की त्यांच्या तोंडात कोंबली आणि ती चावून होईस्तोवर त्यांचा हात सोडला नाही. अर्ध्या तासानं हरेश आणि यज्ञेशनं त्यांना खांद्यावर घातलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यातून पायाला पट्टी बांधून सगळे महोत्सवात पोचले.  मोतीबाईंनी गरम भाकरी आणि बोंबील नवऱ्यापुढं आदळले. भीती ओसरल्यावर राग येतो, तसा हिमानीला आला.

“पहिली हाक ऐकली होती ना तुम्ही?”

“आयकली.”

“माझा आवाज ओळखला होतात?”

“वळखला तर.”

“आणि तरी गप्प बसलात? मरून गेला असतात, बाबा!”

हरिचंद्रांनी भाकरीचा तुकडा मोडला. “त्या यज्ञेशनं हाक मारली असती तर पैल्यालाच ओ दिली असती,” ते म्हणाले. “परक्याच्या हाकंला कोन भितो? चकवा आपल्या घरच्याच मानसाचा आवाज काढतो.”

असं म्हणून ते जेवायला लागले. आपण काही विशेष बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हिमानीला मात्र रडू फुटलं, भर महोत्सवात, सगळ्या लॅबसमोर, आणि ते आवरायचं तिच्या मनातही आलं नाही.