मेहकर रस्त्यावरचं ट्युनिंग

संघपालचं चिखलीत गॅरेज होतं. गाडीचा दम वाढवावा तर त्यानंच, असं जालन्यापर्यंतची पोरं म्हणत. गोपालनं त्याच्याकडूनच आपल्या गाडीला इंजिनात जास्त हवा ढकलणारा मोठा टर्बो बसवून घेतला. आता उरलं होतं ट्युनिंग. इंजिनात किती हवेला किती पेट्रोल जावं, हे लॅपटॉप जोडून ठरवायचं.

“संभाजीनगरले डायनो आहे म्हणते,” गोपाल म्हणाला. “गाडी बांधून ठेवतात अन् चाकं रोलरवर फिरवतात. तिथं नेऊ का?”

संघपाल हसला. “रोलरवर गाडीले चढ लागते का बे? पंख्याची हवा लावून आकडे काढतात थे. गाडी रस्त्यावर चालवाची, तं रस्त्यावरच जुळवाची.”

त्याला हे खरंच वाटत होतं. पण आपण बसवलेला टर्बो दुसऱ्या कुणी जुळवावा, हेही त्याला सोसणारं नव्हतं.

दुपारी दोघं मेहकर रस्त्याला लागले. स्टिअरिंगवर गोपाल, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन संघपाल. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आकडे पाहायचे, कडेला थांबून बदल करायचा आणि पुन्हा पळवायची. गाडी दर फेरीला मोकळी होत गेली. फक्त वरच्या वेगाला कुठंतरी जरा अडखळत होती.

“या बारीले पाय काढू नको,” संघपाल म्हणाला. “मी सांगीन तवाच काढजो.”

गाडी सुटली. स्क्रीनवरची रेघ चढत गेली. गोपाल “अरे...” असं काहीतरी म्हणाला. संघपालनं मान वर केली नाही. “दाब, दाब,” एवढंच म्हणाला.

मग ब्रेक किंचाळला आणि धाडकन आवाज झाला. संघपालनं वर पाहिलं, तेव्हा काच तडकलेली होती आणि बोनेटवर हिरवा चारा पसरला होता.

चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन आशाबाई शेतातून घरी निघाल्या होत्या. दवाखान्यात पोचण्याआधीच त्यांचा जीव गेला.

बाई एकाएकी आडवी आली, असं गोपालनं पोलिसांना सांगितलं. संघपाल म्हणाला, “मी पाह्यलंच नाही. पण दाब म्हणून मीच म्हटलं होतं, साहेब.”

“गाडी कोण चालवत होतं?”

“गोपाल.”

“मग तेवढंच सांग.”

गुन्हा गोपालवर दाखल झाला. संघपाल साक्षीदार ठरला. गोपालनं त्याचा फोन घेणं बंद केलं.

तेरवी झाल्यावर संघपाल आशाबाईंच्या घरी गेला. त्यांचे यजमान पुंजाजी ओट्यावर बसले होते. पोलीस ठाण्यात पाहिलेलं असल्यानं त्यांनी त्याला ओळखलं.

“तू गाडीत समोरच बसला होता ना?”

“हाव, बाबा. पण नजर रस्त्यावर नव्हती. गाडीचं काम चालू होतं.”

“चालत्या गाडीत?”

संघपालनं जमेल तसं समजावून सांगितलं. शहरात हेच काम गाडी बांधून, जागच्या जागी करतात, हेही त्यानं सांगून टाकलं. लपवायला त्याचं मन धजलं नाही.

“असं होते? बांधून?” पुंजाजींचा आवाज अगदी बारीक झाला. “मंग इथं काऊन केलं?”

गोठ्यात म्हैस ओरडली. पुंजाजी गुडघ्यावर हात टेकून उठले, विळा घेतला आणि शेताच्या धुऱ्याकडे चारा कापायला निघाले.