अर्ध्या ताटाची सूनबाई

मी डाव बोलतोय. पत्त्यांचा नव्हे, पातेल्यातला. लांब दांड्याचा, खोलगट, एका बुडीत दोघांचा रस्सा उचलणारा. भांडीवाल्याच्या दुकानात मी कितीतरी दिवस टांगलेला होतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढा मोठा कशाला?" मग एकदा शाळेतल्या बाई आल्या. मला हातात तोलून म्हणाल्या, "आमच्या टोळीला हाच हवा."

टोळी म्हणजे शेजारची तीन कुटुंबं. दर सुट्टीत तळ्याकाठी घर भाड्याने घेणार, स्वयंपाक एकत्र करणार आणि खर्च ताटांप्रमाणे वाटणार. मोठ्यांचं ताट पूर्ण, मुलांचं अर्धं. हिशोब विमावाल्या काकांकडे. बेकरीवाले भाऊजी पुन्हापुन्हा वाढून घेत आणि काका म्हणत, "तुमचा विमा माझ्याकडे नाही, तेच बरं!"

एका वर्षी बाईंची नवी सून आली. सगळ्यांचं लक्ष तिच्या ताटाकडे. बाई मला पातेल्यात उभं करून विचारायच्या, "पुरे ना गं?" ती म्हणायची, "हो." पण तिची नजर पातेल्यातून हलायची नाही. मला सगळं कळत होतं. पण माझ्या हातात काय? मीच दुसऱ्याच्या हातात!

एका दुपारी जेवताना काकांनी मोठ्या मनाने जाहीर केलं, "सूनबाई चिमणीएवढं खाते. तिला अर्ध्यात धरतो, मुलांबरोबर."

"वा! लग्न फायद्यात पडलं," तिचा नवरा म्हणाला.

सूनबाईचे कान लाल झाले. एकदा अर्धी म्हणून नाव पडलं, की दरवर्षी वाढणारही अर्धंच!

"काका, मला पूर्ण धरा."

"अगं, पण तू खातेस कुठे?"

"खाते ना. भाऊजींचे टोस्ट मीच संपवले."

"आणि मी बिचाऱ्या मांजराला हाकललं!" भाऊजी ओरडले.

बाईंचा चेहरा उतरला. "मग सांगायचं नाही का? मी रोज विचारत होते."

"आई, तुम्ही 'पुरे ना' विचारत होता. त्याला नाही कसं म्हणायचं?"

मग बाईंनी मला थेट पातेल्याच्या तळाशी घातलं आणि काठोकाठ भरून तिच्या ताटात रितं केलं. पुन्हा भरलं. पुन्हा रितं केलं.

काका म्हणाले, "आता दीड धरू का?"

"धरा," ती भरल्या तोंडाने म्हणाली. हसता हसता बाईंना ठसका लागला, आणि मुलं ताटं वाजवत ओरडू लागली, "आम्हालाही पूर्ण धरा!"

आता माझा दांडा जरा सैल झालाय, अंगावर ओरखडे आहेत. तरी सुट्टीची बांधाबांध सुरू झाली, की सूनबाई सगळ्यांत आधी मला खिळ्यावरून काढते. वाढायला हल्ली तीच उभी असते.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेलच. पैसे कसेही वाटा, पण नव्या माणसासमोर त्याला पातेल्यात ताटकळत ठेवून "पुरे ना?" विचारू नका. आधी डाव भरा, मग तोंड उघडा.