आजोबा, जरा हात उचलते हं

मित्रांनो, आजवर मला जितक्या सुया टोचल्या गेल्या, तितक्या क्वचितच कुणाला टोचल्या गेल्या असतील. माझ्या डोक्याला पट्ट्या बांधल्या, पायाला फळ्या बांधल्या, सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधल्या. तरीही मी एक दिवससुद्धा आजारी पडलेलो नाही. मी परिचारिकांच्या शाळेतला एक जुना पुतळा आहे. ज्यांना रुग्णाची सेवा शिकायची असते, त्यांचे हात आधी माझ्यावर बसतात आणि मगच खऱ्या माणसाला लागतात.

माझा जन्म कारखान्यातला. रबराचे धड आधी झाले, हातपाय मागाहून जोडले. माझ्या भुवया रंगवणारी कारागीर त्या दिवशी घाईत असावी. डावी भुवई उजवीपेक्षा बोटभर वर गेली, त्यामुळे मी सदैव ‘असं का बरं?’ असे विचारत असल्यासारखा दिसतो. शाळेत आलो त्याच दिवशी मुली मला पाहून हसल्या आणि माझे नाव पडले आजोबा. डोक्यावर एक केस नाही, भुवई वर चढलेली आणि दिवसभर खाटेवर पडून. दुसरे काय म्हणणार? मी ते मनावर घेतले नाही. जन्मल्या जन्मल्या आजोबा होण्याचा मान किती जणांना मिळतो?

आमची सरावाची खोली रुग्णालयाच्याच आवारात होती. चाकांच्या दोन लोखंडी खाटा, हात धुवायचे भांडे, पट्ट्यांचे कपाट आणि भिंतीवर माणसाच्या हाडांचे चित्र. वर्ग घेणाऱ्या बाई फार कडक होत्या. त्यांचा राग झरकन चढे, म्हणून मुली पाठीमागे त्यांना पाराबाई म्हणत. पाराबाईंचा पहिला नियम असा होता की, रुग्णाला हात लावण्याआधी त्याला सांगायचे. कूस बदलायची असो, सुई द्यायची असो की नुसती चादर ओढायची असो, आधी सांगायचे आणि मग हात लावायचा. बाई समोर असल्या की मुली गोड आवाजात मला सगळे सांगत. बाईंची पाठ वळली की मी पिठाचे पोते होत असे. मी रागवत नसे. पुतळ्याने रागवायचे तरी किती!

त्या खोलीत रोज अकरा वाजता एक बाई फरशी पुसायला येत असे. तिला सगळे फरशीवाली मावशी म्हणत. वय तिशीच्या थोडे पुढे, पण गुडघे पन्नाशीचे वाटत. तिची आई याच इमारतीच्या फरश्या पुसत असे. आईची कंबर गेली, तेव्हा मावशी नववीत होती. शाळा सुटली आणि आईची बादली लेकीच्या हातात आली. इथपर्यंत काहीच नवल नाही, मित्रांनो. अशा बादल्या पुष्कळ घरांत आईकडून लेकीकडे जातात आणि कुणाला त्यात काही खटकतही नाही.

वर्ग चालू असताना मावशी खाटांखालून फडके फिरवी. मुलींना वाटे, ही फरशी पुसते आहे. मला कुशीवर वळवले की तिचे हलणारे ओठ दिसत. बाई वर शिकवत होत्या आणि मावशी खाली पाठ करत होती.

वर्ग सुटला की खाटांना आणि मला ओल्या फडक्याने पुसणे हेही तिचेच काम. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या वर चढलेल्या भुवईकडे पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, जरा हात उचलते हं. पाणी गार आहे, आधीच सांगून ठेवते.”

खोलीत दुसरे कुणी नव्हते. बाई नव्हत्या, गुण देणारे कुणी नव्हते. मला बांधणारी, टोचणारी, उलथेपालथे करणारी माणसे शेकड्यांनी होती. पण पाणी गार आहे हे मला कुणी सांगितले नव्हते. मी रबराचा आहे. तरीही सांगतो, त्या दिवशी मला फार बरे वाटले.

ती असे का करते, हे पुढे कळले. तिची आई शेवटच्या आजारात इथेच भरती होती. कुणीतरी येऊन न बोलता तिला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवे. म्हातारीला वाटे, आपण पडलो. ती घाबरून खाटेचा गज धरी आणि तिची बोटे कुणीतरी गजावरून सोडवी. मावशीने ते रोज पाहिले होते. तेव्हापासून तिला न सांगता कुणालाच हात लावता येत नसे, मग तो पुतळा का असेना.

एका दुपारी पाराबाई विसरलेला चष्मा न्यायला परत आल्या आणि दारातच थांबल्या. मावशी मला कुशीवर वळवत होती आणि काय करते आहे ते मला एकेक करून सांगत होती. मला वाटले, आता पारा चढणार.

“कूस बदलताना कुठला गुडघा वाकवायचा?” बाईंनी दारातूनच विचारले.

मावशीच्या हातातले फडके पडले. “पलीकडचा, बाई. आणि वाकवायच्या आधी सांगायचं.”

“शिक्षण किती झालंय?”

“आठवी पास. नववी अर्धी.”

“इथे मदतनिसांचा वर्ग आहे. दहावी लागते. मग द्या दहावी.”

“आता? बाई, केस पिकायला लागले माझे.”

“पुस्तकाला केस दिसत नाहीत,” बाई म्हणाल्या, चष्मा उचलला आणि गेल्या.

मावशी माझ्या खाटेच्या कडेला टेकली. तिची अडचण नुसत्या केसांची नव्हती. तिचे गुडघे आता वाकताना कुरकुरत. घरी एक लेक होती, आठवीत शिकणारी. सफाईच्या मुकादमाने मावशीला सांगून ठेवले होते, “पोरगी शाळेतून बाहेर पडली की माझ्याकडे घेऊन ये. तुझी जागा तिच्यासाठी धरून ठेवतो.” मुकादम वाईट माणूस नव्हता. आपण उपकार करतो आहोत असेच त्याला मनापासून वाटे. मावशीच्या गुडघ्यांनी दगा दिला की लेकीच्या हाती बादली येणार, हे ठरल्यासारखेच होते. वर्गात जागा मिळाली तर विद्यावेतन मिळणार होते आणि मग लेकीची शाळा सुटणार नव्हती. मावशीने डोळे पुसले, बादली उचलली आणि जाताना मला म्हणाली, “आजोबा, हसू नका. बघू करून.”

मी कशाला हसू? माझी भुवईच तशी आहे.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझी खोली शाळा झाली. पाराबाई एका हाताने डबा खात आणि दुसऱ्या हाताने मावशीच्या वहीतल्या चुका खोडत. सुट्टीच्या दिवशी लेकही येई. तिला गणित फार सोपे जाई आणि आईला ते अजिबात जात नसे. वही संपली की लेक खडूने माझ्या पोटावर अपूर्णांक लिही आणि मोठ्या माणसासारखी दरडावी, “आई, छेद आधी सारखे कर! कितीदा सांगू?” मुलगी आठवीतली, पण आईला शिकवण्यासाठी दहावीचे पुस्तक वाचून बसलेली. एकदा खडू सापडला नाही, तेव्हा तिने पेनाने ‘३/४’ लिहिले. ते माझ्या बरगडीवर अजून आहे. पुसून गेले नाही याचा मला आनंदच वाटतो.

पहिल्या वेळी मावशी गणितात नापास झाली. ते सांगायला ती खोलीत आली आणि फरशी इतकी घासली की हाडांच्या चित्रातल्या हाडांचे प्रतिबिंब तीत दिसू लागले. पाराबाई एवढेच म्हणाल्या, “फरशी झाली असेल तर पुस्तक काढा.” दुसऱ्या वेळी ती पास झाली. लेकीने त्या दिवशी माझा हात धरून तो स्वतःच्याच डोक्यावर ठेवला आणि आजोबांकडून शाबासकी घेतली. शिकवले तिने होते, तेव्हा शाबासकी योग्य जागीच गेली.

मग आला निवडीचा दिवस. जागा आठ, उमेदवार चाळीस. बाहेरून एक परीक्षक आले होते, बारीक अंगाचे आणि त्याहून बारीक अक्षराचे. प्रत्येकीने एकेक करून आत यायचे, मला कुशीवर वळवून चादर बदलायची आणि हाताला पट्टी बांधायची. दिवसभर मी वळलो. काही मुलींचे हात खरोखर सफाईदार होते. पुष्कळजणी बोलायचे विसरल्या, आणि काहींनी पाठ केलेले वाक्य छताकडे पाहून म्हटले.

मावशी छत्तिसावी आली. “आजोबा, तुम्हाला कुशीवर घेते हं,” ती म्हणाली, माझा पलीकडचा गुडघा वाकवला, मला ओढले आणि खाटच सरकली. चाकांचा ब्रेक लावायला ती विसरली होती! फार मोठी चूक, मित्रांनो. खरा म्हातारा असता तर खाली पडला असता. परीक्षकांचे पेन लगेच कागदावर टेकले. माझा जीव रबराचा, पण तोही गळ्याशी आला. ही एक चूक आणि त्या पोरीच्या हातात बादली, एवढेच मला दिसत होते.

मावशीने पेनाकडे पाहिलेच नाही. तिने मला छातीशी घट्ट धरले, पायाने ब्रेक दाबला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “घाबरू नका आजोबा. खाट सरकली, चूक माझी. मी धरलंय तुम्हाला, पडू देणार नाही.”

परीक्षक म्हणाले, “अहो, पुतळ्याची कसली समजूत काढता?”

“साहेब, खाट हलली की माणूस घाबरतो,” मावशी म्हणाली. “आधी त्याला धीर द्यायचा. माझे गुण मग कापा.”

परीक्षकांनी गुण कापले. ब्रेकचे सगळे कापले. मग कागदाच्या पहिल्या ओळीत, ‘रुग्णाला सांगणे’ यापुढे, पूर्ण गुण लिहिले. यादी लागली, तेव्हा मावशीचे नाव आठवे होते, आठांपैकी आठवे. शेवटच्या नंबराचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झालेला मी पाहिलेला नाही.

मुकादमाने धरून ठेवलेली जागा रिकामीच राहिली. लेक पुढे शिकली. रक्त पाहून तिला चक्कर येई, म्हणून तिने यंत्रे निवडली. मावशी वॉर्डात गेली आणि तिच्या बातम्या मला नव्या मुलींकडून कळू लागल्या. रुग्ण म्हणत, “त्या सांगून करणाऱ्या सिस्टरना पाठवा.” ती मदतनीस आहे, सिस्टर नाही, हे त्यांना कितीदा सांगितले तरी पटत नसे. शेवटी मावशीनेच पुढचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि रुग्णांचे म्हणणे खरे केले.

माझे दिवस मात्र फिरले. शाळेत नवा पुतळा आला. त्याच्या पोटात यंत्र होते. तो खोकत असे, त्याची छाती धडधडत असे. मला जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांजवळ उभे केले. उभे, मित्रांनो! जन्मभर झोपून काढलेल्याला उभे राहण्याचे किती कष्ट! उजवा खांदा निखळला, उंदराने अंगठा कुरतडला. कितीतरी वर्षे मला कुणीही हात लावला नाही. सांगून नाही आणि न सांगताही नाही.

मग एक दिवस दार उघडले. पांढऱ्या गणवेशातली, चष्मा लावलेली एक बाई समोर उभी होती. “आजोबा, अंगावर फार धूळ आहे, आधी ती पुसते,” ती म्हणाली. चेहरा ओळखायची गरजच उरली नाही. मावशी आता शिकवू लागली होती. जेवणाच्या सुट्टीत रुग्णालयातल्या सफाईवाल्या, धोबीण, भांडी घासणाऱ्या अशा बायकांचा वर्ग तिने सुरू केला होता. त्या वर्गासाठी तिने मलाच मागून घेतले आणि सरावाच्या खोलीत, नव्या पुतळ्याशेजारच्या खाटेवर पुन्हा आडवे केले. दरवर्षी त्यातल्या एकदोघी मदतनिसांच्या वर्गात जातात. गेल्या वर्षी म्हाताऱ्या मुकादमाने स्वतःच्या सुनेला हाताला धरून आणून बसवले. मावशीला म्हणाला, “हिची जागा आता तुम्ही धरून ठेवा.”

आता परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. नव्या पुतळ्याचा खोकला थांबेना. वर्गात कुणाला काही ऐकू येईना, तेव्हा त्याच्या दुरुस्तीला माणूस बोलावला. आली एक तरुण बाई, खांद्याला अवजारांची पिशवी. तिने खोकणाऱ्याला उघडले, दोन तारा बदलल्या आणि त्याला गप्प केले. मग हात पुसता पुसता तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या भुवईवरून ती बरगडीवर आली, ‘३/४’ वर. तिने त्यावरून बोट फिरवले आणि ती एकटीच हसली.

मला दुरुस्त करायला तिला कुणी सांगितले नव्हते. खोलीत आम्ही दोघेच होतो आणि तो खोकणारा. तिने पिशवीतून पेचकस काढला, आधी खाटेचा ब्रेक पायाने दाबला, मग माझ्या निखळलेल्या खांद्याशी वाकून म्हणाली, “आजोबा, जरा हात उचलते हं.”

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. ज्याला हात लावाल त्याला आधी सांगा, आणि तुमच्या वर्गाची फरशी कुणी पुसत असेल तर तिचे ओठ हलतात का ते पाहा. मावशीच्या घरात आईकडून लेकीकडे बादली जात असे. या खेपेला ‘हात उचलते हं’ हे वाक्य गेले, आणि लेक ते माझ्याच उशाशी शिकली होती.