न जळणाऱ्या कचऱ्यात

मी भाजलेल्या मातीची एक खापरी बोलते आहे. पंधराशे वर्षांपूर्वी मी एका उभ्या, पोकळ नळीचा भाग होते. जपानमधल्या गुन्मा प्रांतातील एका सरदाराच्या समाधीच्या टेकडीभोवती अशा चारशे नळ्यांचे कडे रोवले होते. टेकडीवर मांडलेले मातीचे घोडे आणि योद्धे घडवणारे हात निराळे. आमचा कुंभार सदा घाईत असे. ओली माती दाबताना त्याचा अंगठा माझ्यात रुतला आणि तो ठसा तसाच भाजला गेला.

योद्ध्यांनी मिरवावे, आम्ही माती थोपवून धरावी, अशी वाटणी होती. मला ती मान्य होती. पुढे टेकडीवर तुती लावली गेली, नांगर फिरला, मी फुटले. तेही सोसले.

गेल्या मंगळवारी शाळेचा सहावीचा वर्ग आला. सकाळी संग्रहालयात काचेआडच्या मातीच्या योद्ध्याचे चित्र वहीत काढून मुले टेकडीवर भाताचे गोळे खायला बसली. निघताना त्यांचे शिक्षक इगाराशी सर म्हणाले, "आलो तेव्हा टेकडी होती, त्याहून स्वच्छ करून जायचं." मुले निमूट वाकली आणि जळणारा, न जळणारा कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत वेचू लागली.

कोहारू नावाच्या मुलीने मला उचलले, पुसले. तिचा अंगठा नेमका त्या ठशात बसला.

"तात्सुकी, हे बघ. कुणाचं तरी बोट आहे यात."

"तुझंच असेल. सकाळपासून चिकट हातांनी फिरतेयस."

"भाजलेल्या मातीत बोट रुततं का, शहाण्या?"

इतक्या शतकांत प्रथमच मला कोणी वाचत होते. ती सरांकडे धावली.

"सर, हे जुनं आहे का?"

सर घड्याळ पाहत होते; बस येऊन उभी होती. "फुटकी कुंडी दिसतेय. न जळणाऱ्या कचऱ्यात टाक."

"पण सर, सकाळी संग्रहालयात..."

"तिथल्याला नाक-डोळे होते ना? याला कुठे आहेत?"

मुले हसली. क्षणभराने कोहारूही हसली. तेच मला अधिक लागले. तिने मला फुटक्या काचांच्या पिशवीत अलगद ठेवले. "वर्गीकरण अगदी बरोबर," सर म्हणाले. मग सारा वर्ग रांगेत उभा राहिला आणि टेकडीपुढे कमरेत वाकून एका सुरात आभार मानता झाला.

आता मी शाळेमागच्या ओट्यावर आहे. पिशवीवर सुवाच्य अक्षरांत वर्ग आणि तुकडी लिहिली आहे. उद्या गाडी येईल. तुम्ही कधी अशा टेकडीवर गेलात, तर आम्हांला ओळखा, असे मी म्हणणार नाही. ती अपेक्षा सरली. केवळ एवढेच करा, तिथे काही स्वच्छ करू नका.